खास तुमच्यासाठी निवडलेलं

आमच्या ह्याइच्या उजव्या पायाची दोन बोटं कापली, अंगठा अन त्याच्या बाजूचं. डॉक्टर म्हणतात साखरेनं गेली. शेजारपाजारचे म्हणतात नशिबानं गेली. मी म्हणते मोबाईलनं गेली, अन हे मी कोणाच्याही तोंडावर सांगाले तयार हाय. भर हॉलात, माईक हातात घेऊन म्हणलं हाय. मंग लोकं म्हणाले, माणिकबाईच्या तोंडाले लगाम नाही. नाही तर नाही.

माहं तोंड पहिलेपासूनच असं. वलगावले आमचं दोन एकर वावर हाय. त्यात मेथी, पालक, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, वांगे, कारले लावतो, अन रोज सकाळी ऑटोत गठुडे टाकून मी अमरावतीच्या इतवारा बाजारात बसते. भाजीवालीनं तोंड मिटून ठेवलं तर दुपारपर्यंत मेथी सुकून जाते. आमचे हे मात्र माह्या उलट. शालिकराम त्याइचं नाव. एवढा मर्यादेचा माणूस अख्ख्या वलगावात सापडणार नाही. रस्त्यानं कोणी राम राम घातला तर हे सायकलवरून खाली उतरून, दोन्ही हात जोडून राम राम घालतात. कोणी बोलाले बसला तर त्याचं बोलणं संपेपर्यंत जागचे हालत नाहीत. एकदा एक विमावाला आला, तीन तास बडबडला, भाकर थंडी झाली, तरी हे हूं हूं करत बसले. मी आतून भांडे आपटून राहिली. नंतर विचारलं, उठून काहून नाही आले? तर म्हणे, माणूस बोलून राहिला अन आपण उठून गेलो, म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं झालं.

असा माणूस. अन त्याच्या हातात आमच्या कुंदननं मोबाईल दिला.

कुंदन आमचा पोरगा. अकोटले कापसाच्या जिनिंगमध्ये कामाले हाय, बायको अन लेकरू तिकडंच. नातीचं तोंड रोज दिसावं म्हणून दोन वर्षांपहिले त्यानं बापाले फोन घेऊन दिला अन त्यात ते व्हिडिओचं अॅप टाकलं. नात रांगली, नात उभी राहिली, नातीनं वरण अंगावर सांडलं, सारं कुंदन त्याच्यावर टाके अन हे ओसरीत बसून पाहत. मलेही बरं वाटलं. घरात हसणं आलं, यात वाईट काय होतं?

पण नातीचे व्हिडिओ पाहता पाहता मधीच कोणीतरी अनोळखी माणूस येई. "नमस्कार काका, राम राम, फक्त दोन मिनिटं ऐका." आता समोरचा राम राम घालून राहिला म्हणल्यावर आमचे हे काय करणार? फोन मांडीवर ठेवत अन हात जोडत. मंग खालचं ते बदाम दाबत. कुंदननंच सांगितलं होतं, ते दाबलं की समोरच्याले समजते आपल्याले आवडलं म्हणून. वरून बोलायचं बटण दाबून "राम राम भाऊ, वलगाववरून शालिकराम" असं लिहूनही पाठवत. अन शेवटपर्यंत ऐकत. अर्ध्यातून सोडणं त्याइच्या रक्तातच नाही.

मी हसत होती. खोटं कायले बोलू? माह्या बाजूले लिंबं अन मिरच्या घेऊन बसते ती बेबीताई, तिले मी ह्याइची नक्कल करून दाखवे. हात जोडून, डोळे मिटून. दोघी पोट धरून हसत होतो.

ह्याइले साखर सहा वर्षांपासून हाय. तीन वर्षांपासून पोटात सुई घ्या लागते, दोन टाईम, जेवणाआधी. तर एक दिवस त्या फोनमध्ये शाल पांघरलेला एक महाराज आला. म्हणे, साखरवाल्या काकांनो, राम राम, सुई हे विष आहे. ह्याइनं हात जोडले, बदाम दाबलं, शेवटपर्यंत ऐकलं. पटलं म्हणून नाही, मर्यादा म्हणून. पण त्या फोनले मर्यादा काय समजते? त्यानं धरलं की या माणसाले हेच पाहिजे. दुसऱ्या दिवशी दोन महाराज आले. मंग एक वैद्य, एक बाई, एक गळ्यात नळी अडकवलेला कोटवाला. महिन्याभरात नात दिसेनाशी झाली. कुंदन तिकडं रोज टाकून राहिला होता, पण ते खाली कुठंतरी गाडलं जाई अन वरती हे सारे रांग लावून राम राम घालत उभे. कारल्याचा रस प्या, जांभळाच्या बिया खा, सुई फेकून द्या.

अन माणूस शेवटी माणूस हाय. एकानं सांगितलं तर हसते. शंभर जणाइनं सकाळ-संध्याकाळ तेच सांगितलं तर मनात किडा वळवळतेच. मले म्हणाले, "माणिक, एक माणूस खोटं बोलन. सारं गाव खोटं बोलन का?"

मी म्हणलं, "कोणतं गाव?"

"हे काय, सारे हेच सांगून राहिले ना."

त्याइले वाटे, आपल्याले जे दिसून राहिलं तेच साऱ्या दुनियेले दिसून राहिलं. पारावर चार माणसं बसली की चौघं एकच बातमी ऐकतात, तसं. खरं सांगते, मलेही तसंच वाटे. कोणी सांगितलं होतं आमाले?

मंग ह्याइनं सुई बंद केली. मले न सांगता. सुई घेऊन मोरीत जात अन औषध तिथंच सोडून देत. अन मी बिनडोक, रोज वावरातले कोवळे कारले निवडून आणून देत होती. म्हणलं, बुढा भाजी खाऊन राहिला, चांगलं हाय. हे आठवलं की आजही माहा जीव जळते.

वावरात पाण्याच्या पाईपाच्या धारदार तोंडानं अंगठा चिरला. साखरेनं पाय बधिर झालेला, ह्याइले समजलंच नाही. मले समजलं ते जखम सडल्याच्या वासानं. मोठ्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, "साखर साडेचारशेच्या वर आहे. इन्सुलिन कधीपासून बंद आहे?" मी तावातावानं म्हणलं, बंद नाही, रोज घेतात. ह्याइनं मान खाली घातली. तेव्हा मले समजलं.

दोन बोटं गेली. सोडताना डॉक्टरांनी मले बाजूले घेतलं अन साफ सांगितलं, "मावशी, आता सुई चुकली तर पुढच्या वेळी गुडघ्यापासून पाय काढावा लागेल. तेही माणूस वाचला तर."

दवाखान्यात नर्स देत होत्या तोवर सुई चालू होती. घरी आलो, पाय उशीवर, दिवसभर काम नाही, अन हातात फोन. आठव्या दिवशी म्हणाले, "मी सुई घेणार नाही. महाराजाइनं सांगितलं, सुई घेणाऱ्याइचेच पाय जातात. पाहा ना, दवाखान्यात सुया देल्या अन बोटं गेली." माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोटं सुई सोडल्यानं गेली, अन तो फोन म्हणते सुई घेतल्यानं गेली, अन माहा नवरा माह्यापेक्षा फोनचं ऐकते. साखर परत चढू लागली. रोज पट्टीवर रक्ताचा थेंब टाकून आकडा पाहत होती मी, अन रोज पाय डोळ्यापुढं येई. हळूहळू पायाच्या बाकीच्या बोटाइचा रंग पाहाचीही मले भीती वाटाले लागली.

फोन लपवून पाहिला. तुमी म्हणान, फेकून काहून नाही देला. दोन दिवस ताट पुढं सरकवून बसले. म्हणे, "तू मले लोकाइपासून तोडून राहिली. पाय तं गेला, आता बोलणंही बंद करते का?" नातीचं तोंडही त्याच डबीत. काय करता? देला परत.

कुंदन एसटीनं आला. त्यानं समजावून सांगितलं. "आई, बाबा जितका वेळ पाहतात, जितके बदाम देतात, तितकं तसलंच ते आणून टाकते. आवडलं समजून."

"मंग सांग ना त्याले, नाही आवडलं म्हणून."

त्यानं ते तीन टिंबं दाबले, 'यात रस नाही' असं दाबलं. एकेका महाराजाले बाहेर काढलं. तासभर बसला. दोन दिवस फोन शांत होता, नात वर आली, ह्याइनं संध्याकाळची सुई घेतलीही. तिसऱ्या दिवशी नवा महाराज. शाल वेगळी, गोष्ट तीच. अन कुंदन अकोटले. मी फोनवर रडली त्याच्यापाशी. म्हणलं, पोरा, नळ आपल्या घरात, पाणी आपल्या पोटात, अन चावी त्याइच्या खिशात, हे कोणत्या कायद्यात बसते?

अशात एक दिवस बाजारात दोन पोरी कागद वाटत आल्या. 'ज्येष्ठांसाठी मोबाईल शिबिर. तुमचा फोन, तुमचा ताबा.' खाली त्याच अॅपच्या कंपनीचं चिन्ह. चहा, जेवण फुकट. बेबीताई म्हणाली, चाल वं, जेवून येऊ. मी म्हणलं, तू जेवाले ये, मी भांडाले येते. ह्याइले सांगितलं तर ताबडतोब तयार. बोलावणं आलं म्हणल्यावर गेलंच पाहिजे. काठी घेऊन, पट्टी बांधलेला पाय ऑटोत आडवा ठेवून आले.

हॉल मोठा होता. दोनशेक म्हातारे-म्हाताऱ्या असतील, रिटायर मास्तर, वकील, आमच्यासारखे वावरवाले. स्टेजवर ईशान सर म्हणून कंपनीचा माणूस, नागपूरच्या ऑफिसातला. गोरा, गोड बोलणारा. अर्धा तास बोलला. म्हणे, आमच्यासाठी तुम्ही सर्वात महत्त्वाचे. म्हणे, काय पाहायचं याचा कंट्रोल पूर्णपणे तुमच्या हातात आहे. लोकाइनं टाळ्या वाजवल्या. ह्याइनंही वाजवल्या. कोणाले प्रश्न असेल तर विचारा म्हणलं, तर मी माईक घ्याले उठली. बेबीताईनं पदर ओढला, मी तो सोडवला.

मी म्हणलं, "साहेब, मी माणिकबाई, वलगाव. हे माहे मालक. ह्याइच्या फोनमध्ये रोज माणसं येऊन सांगतात सुई घेऊ नका. त्यापायी दोन बोटं कापली. मले ती माणसं नको. कंट्रोल माह्या हातात हाय म्हणता तर तो कुठं हाय, ते दाखवा."

ईशान सर म्हणाले, "मावशी, खूप वाईट वाटलं ऐकून. सोपं आहे, सेटिंगमध्ये जायचं."

"मले नाही समजत. तुमीच जा." ह्याइच्या हातातला फोन घेतला अन स्टेजवर नेऊन देला.

तो खाली वाकला. एक पान उघडलं, बंद केलं. दुसरं उघडलं. इकडून गेला, तिकडून आला. पहिल्या रांगेतले एक रिटायर मास्तर चष्मा सावरून घड्याळ पाहून राहिले होते. त्याच कंपनीचा माणूस, जन्म गेला त्याचा त्या फोनात, अन त्याले चावी सापडेना. शेवटी घाम पुसून म्हणाला, "हे पाहा. सुचवलेल्या पोस्ट थांबवा. दाबलं. आता फक्त तुमच्या ओळखीच्या लोकांचं दिसेल. तीस दिवस."

"तीस दिवस म्हणजे?"

"तीस दिवसांनी ते आपोआप परत सुरू होतं."

"काहून?"

"तशी पॉलिसी आहे, मावशी."

मी म्हणलं, "साहेब, तुमच्या घरात कोणी माणूस घुसला, तुमच्या वडिलाच्या कानाशी बसून औषध घेऊ नको म्हणाला, तुमी त्याले हाकलून देला, तर तीस दिवसांनी तो आपोआप परत येऊन बसला तर चालन का तुमाले? दार माहं. मी एकदा लावलं तर लावलं. उघडाचं असन तर मी उघडीन. तुमी कोण माह्यामागून कडी काढणारे? अन जे बटण तुमाले सापडाले एवढा वेळ लागला, ते माह्या बुढ्याले कवा सापडाचं होतं? पाय कापल्यावर?"

मागून कोणीतरी टाळी वाजवली. ईशान सर म्हणाले, "मी तुमचा फीडबॅक नक्की वर कळवतो."

"वर कोण हाय? त्याचं नाव सांगा. माह्या नवऱ्याले हे दाखवा असं ठरवलं कोणी?"

"कोणी माणूस ठरवत नाही मावशी, सिस्टिम ठरवते."

डोक्यात तिडीक गेली माह्या. म्हणलं, "म्हणजे बोटं कापणारा कोणीच नाही. वा रे वा."

तेवढ्यात बेबीताई जागेवरूनच बोलली, "पण साहेब, माह्या फोनात हेच अॅप हाय, मले तं कधी महाराज आला नाही. मले साड्या अन लोणची दिसतात." तिनं फोन वर करून दाखवला.

आमचे हे हळूच उठले. काठीवर भार देऊन. त्याइनं बेबीताईच्या फोनात वाकून पाहिलं. एक साडी, दुसरी साडी, कैरीचं लोणचं. लय वेळ पाहत राहिले. मंग ईशान सरांकडं पाहून, हात जोडूनच, विचारलं, "साहेब, यांच्याकडे ते महाराज येत नाहीत?"

"नाही काका." त्याच्या आवाजात जरा हुरूप आला, पाठ केलेलं सापडल्यावर येते तसा. "प्रत्येकाला वेगळं दिसतं. तुमच्याकडे येतं ते खास तुमच्यासाठी निवडलेलं असतं. तुमच्या आवडीप्रमाणे."

"मंग साऱ्या गावाले ते सांगून नव्हते राहिले?"

"नाही, नाही. तुम्हालाच."

"अन मी राम राम घालत होतो, बदाम देत होतो. ते त्याइनं पाहिलं असन ना?"

ईशान सर हसला. वाईट नाही, लेकराले हसतात तसं. "काका, ते रेकॉर्ड केलेले व्हिडिओ असतात. त्यांना तुम्ही दिसत नाही. तुमच्या लाईकनं फक्त आकडा वाढतो, मग सिस्टिम तुम्हाला तसंच आणखी दाखवते."

हे खुर्चीत बसले. मी स्टेजवरून खाली आली. माहं सारं भांडण तिथंच विरलं, कारण मी ह्याइचं तोंड पाहिलं. बेचाळीस वर्षं झाली लग्नाले, पण त्या माणसाले एवढं लाजलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दोन वर्षं हा माणूस एका खोक्याले हात जोडून राहिला होता. खोक्यानं त्याचे जोडलेले हात मोजले, अन त्याच मोजणीवर त्याची बोटं घेतली. अन लाज आली ती कोणाले? ह्याइले. ज्याइले लाज वाटाले पाहिजे होती ते स्टेजवर पाणी पिऊन राहिले होते.

बाजूच्या खोलीत जेवणाचे डबे उघडले, वास आला. लोकं उठाले लागले. ह्याइनं माह्या हाताले हात लावला अन म्हणाले, "माणिक, सुई आणली का?"

माह्या पिशवीतच होती. दवाखान्यातून सुटल्यापासून मी ती थंड्या पाण्याच्या थर्मासात घालून जाईन तिथं नेत होती, कधी मन फिरन त्याचा नेम काय. म्हणलं, "चला, मागं पडद्याआड जाऊ."

"नाही. इथंच दे."

त्याइनं सदरा वर केला. भर हॉलात, दोनशे माणसाइच्या मधात. उभ्या जन्मात ज्यानं कधी परक्या बाईसमोर टोपी काढली नाही, त्या माणसानं. मी मात्रा पाहिली, बेबीताईनं पोटाची चिमटी धरली, अन मी सुई टोचली.

ईशान सर धावत खाली आला. "मावशी, प्लीज, इथं नको. इथं फोटो चालू आहेत."

मी म्हणलं, "तुमी माह्या घरात येऊन ही बंद केली होती. मी तुमच्या हॉलात येऊन चालू केली. काढू द्या फोटो."

कंपनीचं नाव छापलेली एक पिशवी होती त्याच्या हातात, भेट देण्याची, ती त्यानं ह्याइच्या पुढं धरली. ह्याइनं ती घेतली नाही. सदरा खाली केला, बटणं लावली, सावकाश. मंग हात न जोडता, सरळ त्याच्या डोळ्यात पाहून विचारलं, "साहेब, आता तरी मी दिसतो का तुमाले?"

ईशान सर मागं वळून कोणालेतरी शोधाले लागला. आमचे हे त्याचं उत्तर येईपर्यंत थांबले नाहीत. काठी उचलली अन जेवणाच्या खोलीकडं चालाले लागले.